भोपळ्याच्या पाठीमागचा खुलासा

मंगळवारी भाची कामावरून तीन तास आधीच घरी आली, तेव्हाच ताईंनी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. चांगली बातमी असली की ही मुलगी जिन्यातूनच ओरडत यायची. आज ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात आली आणि तिने मोबाइल ताईंच्या नाकासमोर धरला.

"आत्या, हे पालकांच्या ग्रुपवर आलंय. बाबा ज्यांना पोहायला शिकवतात त्या मुलांच्या."

ताईंनी चष्मा चढवला. पेपराचं पिवळं पडलेलं पान, मधोमध डब्यांच्या बुडाचे दोन गोल डाग. कुणीतरी कपाटाच्या फळीवर अंथरलेला जुना कागद बदलायला काढला होता, वाचला होता आणि त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता. मथळा वाचायची ताईंना गरज नव्हती. सव्वीस वर्षांपूर्वी ही बातमी त्यांनी स्वतःच्या हाताने कापली होती. 'रक्षक गप्पांत दंग, तलावात नऊ वर्षांची मुलगी बुडाली.' अर्धं पान भरून बातमी, आणि तिसऱ्या ओळीत त्यांच्या धाकट्या भावाचं नाव, वडिलांच्या नावासकट.

"शनिवारी पाच वाजता मीटिंग ठेवलीय," भाची म्हणाली. "पोहण्याच्या तलावाचे सेक्रेटरी म्हणाले, काही लेखी असेल तर घेऊन या. नसेल तर बाबांनी तलावावर यायचं नाही."

हा धाकटा भाऊ म्हणजे मुलांचा शिट्टीकाका. वय अठ्ठावन्न, डोक्यावर केस मोजून दहा, गळ्यात शिट्टी. पाण्याला बघून भोकाड पसरणारं पोरसुद्धा चौथ्या दिवशी त्याच्या पाठीवर बसून हसायचं. बायको गेल्यावर मुलगी, बहीण आणि तलाव एवढाच त्याचा संसार. त्यातला तलाव काढून घेतला तर काय उरेल, याचा विचार ताई करत नव्हत्या. त्या विचाराच्या दारापर्यंत जाऊन परत फिरत होत्या.

खरी गोष्ट अशी, की ती मुलगी बुडाली त्या दिवशी तो तलावावर नव्हताच. तो रजेवर होता, आईला डोळ्यांच्या ऑपरेशनला घेऊन गेला होता. पण तलावाच्या फळ्यावर आदल्या दिवशीचं नाव पुसायचं राहून गेलं होतं, आणि बातमीदाराने फळ्यावरचं नाव उतरवून घेतलं. सकाळी पेपर घराघरांत पोचला. दुपारी घराच्या दारावर काळं फासलं गेलं. संध्याकाळी भाऊ घरातून निघून गेला आणि चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी ताईंना तो जुन्या पुलाखाली सापडला, पाण्याकडे तोंड करून बसलेला. "पेपरात खुलासा आलाय," ताई म्हणाल्या, "तुझी चूक नव्हती असं छापलंय. मी जपून ठेवलाय. चल घरी." तो उठला आणि मुकाट्याने मागोमाग चालू लागला.

त्या पुलाखालची त्याची पाठ ताईंना अजून दिसायची. आत्ता भाजी चिरतानाही दिसली.

"मग तो खुलासाच टाकूया ना ग्रुपवर," भाची म्हणाली. "तुमच्या पेपरची साइट होती की, जुने सगळे अंक असलेली."

होती. पेपर बंद पडला, मालकांनी दोन वर्षं साइट तशीच ठेवली, आणि मग एक दिवस तीही गेली. भाचीने मोबाइलवर, कॉम्प्युटरवर, मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर, सगळीकडे प्रयत्न केले. प्रत्येक वेळी एकच पांढरं पान आलं: हे पृष्ठ उपलब्ध नाही. एकशेदहा वर्षांचा पेपर चार शब्दांत आटोपला होता.

भाऊ संध्याकाळी आला. त्याला सगळं कळलेलं होतंच. त्याने शिट्टी खिळ्याला अडकवली, हातपाय धुतले आणि म्हणाला, "ताई, तू उगाच शोधाशोध करू नकोस. राहू दे."

"अरे पण खुलासा आहे ना!"

"राहू दे म्हणतोय ना," तो म्हणाला. तो चिडला असता तर ताईंना बरं वाटलं असतं. तो फार शांतपणे बोलला, आणि जेवताना पोळीचा एकच तुकडा किती तरी वेळ हातात धरून बसला.

आता ताईंच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथंच होतं. एकतीस वर्षं त्या पेपरच्या कात्रण विभागात होत्या. सगळं ऑफिस त्यांना कात्रीबाई म्हणायचं, आणि त्यांच्या कात्रीला हात लावायची संपादकांचीसुद्धा टाप नव्हती. रोज सकाळी ताजा अंक वाचायचा, लाल पेन्सिलने खुणा करायच्या, बातम्या कापायच्या, जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर खळीने चिकटवायच्या, कोपऱ्यात तारीख घालायची आणि विषयाप्रमाणे खणात टाकायच्या. कुणी धावत येऊन "बाई, बारा वर्षांपूर्वीचा गिरणीचा संप!" म्हणालं की चहा गार व्हायच्या आत कार्ड त्याच्या हातात पडायचं. विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी एकच नियम शिकवायच्या: आधी पान उलटं करून बघायचं, मग कात्री लावायची. एका बातमीच्या पाठीला दुसरी बातमी असते. ती कामाची असेल तर तिच्यासाठी दुसरा अंक घ्यायचा. ज्याने न बघता कापलं त्याला ताई दिवसभर फाडून खायच्या.

आणि हा नियम ताईंनी स्वतः एकदाच मोडला होता. भाऊ बेपत्ता असतानाचा तो पाचवा दिवस. हातांचं काम सवयीने चाललं होतं, डोकं कुठल्या कुठल्या विहिरी धुंडाळत होतं. पान उलटून न बघता त्यांनी एक फोटो कापला, खळ लावली, दाबून चिकटवला. संध्याकाळी उपसंपादक म्हणाला, "बाई, तुमच्या भावाचा खुलासा छापला बरं का आज, सात नंबरला." ताईंनी धावत जाऊन ऑफिसचा दुसरा अंक बघितला. खुलासा होता, तळाला, चार-पाच ओळींचा. त्यांनी तो वाचला आणि अंक टेबलावर टाकून तशाच भावाला शोधायला धावल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा टेबल साफ झालं होतं आणि पेपर रद्दीत गेले होते. कात्रणाच्या अंकात त्या जागी खिडकीसारखं भोक होतं. भावाचा खुलासा त्यांनी स्वतः खळ लावून, तोंड खाली करून पुठ्ठ्याला चिकटवून टाकला होता. कापताना नाव मधोमध तुटलं की वाचलं, हेही माहीत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नाही. भावाने कधी "दाखव" म्हटलं नाही, आणि त्यांनी देवाचे आभार मानले. पुढे अंक साइटवर आले तेव्हा तर त्या निर्धास्तच झाल्या.

त्या फोटोत काय होतं ते मात्र त्यांना पक्कं आठवत होतं. विक्रमी भोपळा. शेजारी टोपी घातलेला एक माणूस, जणू स्वतःच जन्माला घातल्यासारखा भोपळ्यावर हात ठेवून उभा.

बुधवारी ताई वाचनालयात गेल्या. ग्रंथपाल त्यांना ओळखत होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तोंड पाडलं.

"बाई, आमच्याकडे सगळ्या बांधीव फायली होत्या. पण वाळवी लागली होती, जागा नव्हती, आणि सगळं नेटवर आलंय म्हणाले. सहा वर्षांपूर्वी काढून टाकल्या."

"सगळ्या?"

"एक वर्ष ठेवलं होतं नमुना म्हणून." ते वर्ष भलतंच होतं. तरी ताईंनी ते चाळलं. माणूस घाबरला की हरवलेली किल्ली साखरेच्या डब्यातही शोधतो.

गुरुवारी त्या पेपरच्या जुन्या इमारतीत गेल्या. तिथं आता फरशांचं दुकान होतं. कात्रण विभागाच्या जागी न्हाणीघराच्या फरशा मांडल्या होत्या, आणि ताईंची खुर्ची होती तिथं गुलाबी वॉशबेसिन. पहारेकरी मात्र जुनाच होता. "तुमचे खण ना?" तो म्हणाला. "ते मागच्या गल्लीतला फ्रेमवाला घेऊन गेला. पुठ्ठा चांगला आहे म्हणाला."

पुठ्ठा चांगला आहे! फोटोच्या फ्रेमला मागून पुठ्ठा लागतो, हे त्यांना तोपर्यंत सुचलंच नव्हतं. म्हणजे एकतीस वर्षांचं काम लोकांच्या भिंतीवर, लग्नाच्या आणि मेलेल्यांच्या फोटोंमागे, तोंड झाकून टांगलेलं होतं.

फ्रेमवाला गोंदाच्या वासाच्या अरुंद दुकानात बसला होता, दाताखाली दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून. ताईंनी काय हवंय ते सांगितल्यावर त्याने चुका तोंडातून काढल्या.

"भोपळा?"

"भोपळा."

"बाई, मी पुढची बाजू बघतच नाही. कोरी बाजू बाहेर ठेवतो. पण खण मागे आहेत, निम्मे तरी असतील. बघा तुम्ही."

मागच्या खोलीत ताईंनी त्यांचे लाकडी खण बघितले. त्यांच्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या अजून चिकटून होत्या. 'शेती: भाजीपाला' हा खण त्यांनी ओढला. तो हलकाच बाहेर आला. तळाला एक मेलेलं झुरळ आणि एक टाचणी. ताई मटकन खाली बसल्या. जवळच्या स्टुलावर पुरे बसल्याही नाहीत, अर्ध्या जमिनीवरच. पुलाखालचा तो पाठमोरा माणूस पुन्हा दिसला, आणि या वेळी तो उठून उभा राहिला होता.

मग त्यांना एक जुना वाद आठवला. भोपळा कुठं ठेवायचा यावरून. वृत्तसंपादक म्हणाला होता, "बाई, एवढा भोपळा काय भाजीत टाकता? हे नवल आहे." आणि त्या दिवशी वाद घालायची ताकद नसल्यामुळे त्या 'बरं' म्हणाल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच.

"'विक्रम आणि नवल' खण कुठाय?" त्यांनी विचारलं.

फ्रेमवाल्याने कान खाजवला. "तो? तो आज सकाळीच काढला. बाहेर टेबलावर आहे ना, पात्याखाली."

पुठ्ठे कापायच्या मोठ्या पात्याखाली गठ्ठा पडला होता. वरचे तीस-चाळीस कापून झाले होते. दोन डोक्यांचं वासरू अर्धं गेलं होतं, सगळ्यात लांब मिशांची एकच बाजू शिल्लक होती. एकेक कार्ड त्या उलटत गेल्या. फ्रेमवालाही काम टाकून, श्वास रोखून बघत उभा राहिला, आणि भोपळा त्यालाच आधी दिसला. "हा काय, हा काय!" तो लग्नात हरवलेलं पोर सापडल्यासारखा ओरडला. पात्याने टोपीवाल्याची टोपी उडवली होती. भोपळा शाबूत होता.

तो देवमाणूस एक छदामही घेईना. उलट ताईंनी पाठीमागची भानगड सांगितली तेव्हा त्याने कपाटातून मापाच्या दोन काचा काढून दिल्या. "दोन्ही बाजू दिसायला हव्यात ना? मग काचेत घाला. आणि बाई, कात्रण सोलायला जाऊ नका हं. फाटेल."

"मला शिकवू नकोस," ताई म्हणाल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांना स्वतःचा आवाज ओळखू आला.

कात्रण सोलायचं नसतं. पुठ्ठा सोलायचा असतो. कार्ड तोंडावर पालथं घालायचं, पाठीचा पुठ्ठा ओल्या फडक्याने भिजवायचा आणि पापुद्र्यामागून पापुद्रा काढत जायचं, शेवटी बोटाने चोळून चोळून लगदा काढायचा. खळ कणकेची आणि त्यात मोरचूद घातलेलं, म्हणून किड्यांनी हात लावलेला नव्हता. शुक्रवारी त्या नुसत्या भिजवत आणि घाबरत बसल्या. एकदाच संधी होती. ओला पेपर म्हणजे साय, बोट जरा जास्त दाबलं की संपलं.

शनिवारी सकाळी भाऊ खोलीतून बाहेर आला नाही. "भूक नाही," तो दाराआडून म्हणाला. भाचीला कामावर जावंच लागलं. जाताना ती म्हणाली, "आत्या, बाबांकडे लक्ष ठेव." ताईंना एक डोळा दारावर ठेवायचा होता आणि एक कागदावर. डोळे दोन्ही कागदावरच राहिले.

दोन वाजता लगद्याखालून पहिली अक्षरं वर आली. तळाची ओळ. '...गीर आहोत.' दिलगीरमधलं 'दिल' कात्रीने खाल्लं होतं. ताईंनी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली. वरची ओळ: 'त्या दिवशी ते रजेवर होते.' पूर्ण. आता नाव. नाव डावीकडे होतं, जिकडून त्यांनी भोपळ्याच्या पोटाला वळसा घालून कात्री फिरवली होती. बोटाचं टोक ओलं करून त्या गोल गोल चोळत राहिल्या. नळ चालू होता, पाणी वाहत होतं, त्यांना भान नव्हतं. आडनाव दिसलं. वडिलांचं नाव दिसलं. मग अगदी काठाला, कात्रीपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर, त्याचं नाव. सगळं. मात्रेसकट.

ताई तशाच ओल्या हाताने तोंड झाकून रडल्या. मग कात्रण दोन काचांमध्ये ठेवलं, कडांना चिकटपट्टी लावली आणि भावाच्या दारावर थाप मारली.

दार उघडंच होतं. खोली रिकामी. पलंगावर चादर घडी करून ठेवलेली. चादर घडी करणारा माणूस तो कधीच नव्हता. चपला नव्हत्या. खिळ्यावर शिट्टी नव्हती.

काचा टॉवेलात गुंडाळून ताई निघाल्या. त्यांचं वय सदुसष्ट आणि गुडघे त्याहून म्हातारे, पण त्या पळाल्या. जुना पूल की तलाव? चौकात उभं राहून त्यांना अर्धा मिनिट ठरवता येईना, आणि तो अर्धा मिनिट त्यांना आयुष्यभर पुरला असता. शिट्टी नेलीय, म्हणजे तलाव. त्या डावीकडे वळल्या.

मीटिंगमुळे तलाव बंद होता, फाटक नुसतं लोटलेलं. आत कुणी नाही. पाणी निळं, गुळगुळीत. आणि पलीकडच्या टोकाला, जिथं पाणी सगळ्यात खोल, तिथं तो काठावर पाठमोरा उभा होता, घरच्या कपड्यांत, पायाची बोटं काठाबाहेर काढून. शिट्टी त्याच्या गळ्यात नव्हती. ती फाटकाजवळच्या हुकाला अडकवलेली होती. जणू त्याने ती परत केली होती.

ताईंनी हाक मारायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. तेव्हा त्यांनी हुकावरची शिट्टी काढली, तोंडात धरली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास फुंकला.

लांब शिट्टी वाजली की जिथं असाल तिथून पाण्यापासून मागे यायचं, हा त्याचाच नियम. तीस वर्षं तो मुलांना हेच शिकवत आला होता. तो दचकून दोन पावलं मागे आला आणि वळला.

"ताई? काय झालं? तू कशी इथं?"

"तू तिथं काय करत होतास?"

"पानं पडलीत पाण्यात," तो म्हणाला. "बघत होतो." पाण्यात खरंच दोन-तीन पानं होती. जाळी मात्र त्याच्या हातात नव्हती. ताईंनी पुढे विचारलं नाही. बाकावर बसून त्यांनी टॉवेल सोडला आणि काच त्याच्या हातात दिली.

त्याने ती उजेडाकडे धरली. "भोपळा?"

"उलटं करून बघ."

त्याने काच उलटी केली. ओळींवरून बोट फिरवत, शाळेतल्या पोरासारखं ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून. बोट नावावर थांबलं.

"म्हणजे हा खरंच होता?" तो म्हणाला.

"खरंच म्हणजे?"

"मला वाटायचं, तू थाप मारली होतीस." त्याने काच बाकावर ठेवली. "पुलाखाली. मला घरी न्यायला."

"सव्वीस वर्षं?"

"म्हणून तर कधी दाखव म्हटलं नाही. आणि तू नसतीस दाखवू शकली तर मग मी कुठं जाणार होतो? थाप तर थाप, तेवढ्यावर चाललं होतं माझं. परवा तू शोधायला निघालीस तेव्हा वाटलं, झालं, आता ही रिकाम्या हाताने परत येणार आणि मला खरं सांगणार."

"अरे गाढवा," ताई म्हणाल्या. नियम मोडल्याची गोष्ट, भोकाची, खळीची, जी त्यांनी जिवापाड लपवली होती, ती त्यांनी त्याला तिथंच बाकावर बसून सांगितली. तो ऐकत होता. मध्येच म्हणाला, "तू? न बघता कापलंस?" आणि इतक्या दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग ते हसू वाकडं झालं आणि त्याने टॉवेलात तोंड लपवलं.

पाच वाजायला आले. मीटिंगच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्यावर पालकांची पावलं वाजू लागली. चार ओळींनी अर्धं पान पुसलं जाईल याची ताईंना मुळीच खात्री नव्हती. त्यांनी शिट्टी त्याच्या गळ्यात घातली आणि दोघं वर गेले.

खोली गच्च भरली होती. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. शिट्टीकाकाने काच सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली. सेक्रेटरींनी ती जवळ ओढली, बिनटोपीच्या माणसाकडे आणि भोपळ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे?"

"उलटं करून बघा," शिट्टीकाका म्हणाला.